लेकरू जेवलं का

माझी थोरली बहीण शेवटची काही वर्षं एका विचित्र मराठीत बोलत असे. विचित्र ते मलाच वाटायचं, कारण नाशिकरोडच्या एका शाळेत मराठी शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. कर्ता आणि क्रियापद यांची भांडणं सोडवणं हा माझा धंदाच होता. बाकीच्यांना त्यात काही वावगं दिसत नसे. ताई म्हणायची, "येणं झालं का? आधी हातपाय धुवायचे, मग जेवायला बसायचं." किंवा, "उद्या परत जायचंय का? डबा बांधून द्यायचा का?" सगळं बोलणं असं कडेकडेनं चालायचं, अंधारात भिंत चाचपत चालावं तसं. कोण आलं, कोण जेवणार, कोण जाणार, ते त्या वाक्यांत कधी नसायचंच.

सगळ्यांशी ती असं बोलत नसे. भावोजींना ती ठणकावून बोलायची, धाकट्या मुलावर तर तोंडाचा पट्टा चालायचा. हे वेगळं मराठी फक्त थोरल्या लेकीसाठी राखून ठेवलेलं होतं. मी लेक म्हणते. ताईनं तसं कधी म्हटलं नाही.

आपल्या भाषेची एक अडचण आहे. घरात माणूस शिरलं एवढं सांगायचं तरी आधी तो का ती हे ठरवावं लागतं. आला म्हणा नाहीतर आली म्हणा, बोलणाऱ्याची सुटका नाही. ताईनं स्वतःपुरती सुटका करून घेतली होती, आणि ती करताना तिची किती दमछाक व्हायची हे मी समोर बसून बघायचे.

भाची जन्मली तेव्हा मुलगा झाला म्हणून पेढे वाटले होते. भावोजी एकलहऱ्याला वीज केंद्रात नोकरीला होते, तिथल्याच वसाहतीत बिऱ्हाड होतं. ताईचं महिला भजनी मंडळ होतं आणि दर मंगळवारी भजन तिच्याच घरी असायचं. ताई पेटी वाजवायची. बाकीची पोरं खाली क्रिकेट खेळत असायची आणि ही बायकांच्या घोळक्यात टाळ घेऊन बसलेली असायची. गळा गोड होता. मंडळातल्या बायका तिला मांडीवर ओढून घ्यायच्या, रव्याचा लाडू भरवायच्या, असा गुणी मुलगा आमच्या पोटी का नाही आला म्हणायच्या. मुलगा म्हणून तिचं जेवढं कौतुक झालं तेवढं पुढे कशाचंच झालं नाही.

बारावीनंतर ती येवल्याला पैठणीच्या दुकानात कामाला लागली. साडीच्या दुकानातले पुरुष गिऱ्हाइकाला दाखवायला साडी स्वतःच्याच अंगावर लावतात. निऱ्या धरतात, पदर सोडतात, आरशासमोर उभे राहतात. त्यात कोणाला काही वाटत नाही. भावोजींना वाटलं पोरगं मार्गाला लागलं. पुढे बऱ्याच वर्षांनी ती मला म्हणाली, "मावशी, पगारासाठी नाही टिकले मी तिथं. आरशासाठी टिकले." मग एक दिवस ते दुकान सुटलं आणि ती पुण्याला निघून गेली. मधली काही वर्षं फोन नाही, पत्ता नाही. भावोजी घरात तिचं नाव काढू देत नसत. ताई मंगळवारी पेटी वाजवायची आणि भजन संपल्यावर पेटीवरच डोकं टेकून बसायची. बायकांना वाटायचं, काय हे तल्लीन होणं.

ती परत आली तो मंगळवारच होता. मीही तिथे होते, भजनाला नव्हे, ताईकडे मेथी निवडत बसले होते. दारात साध्या सुती साडीतली एक उंच बाई उभी राहिली. केस मागे बांधलेले, हातात पिशवी. मंडळातल्या एकीनं तिला "कोण पाहिजे?" असं विचारलंसुद्धा. ताईचा हात पेटीच्या भात्यावर होता, तो तिथेच थांबला. तिनं पुष्कळ वेळ बघितलं. मग म्हणाली, "आलं का लेकरू."

आलं. शाळेत मी तो शब्द फळ्यावर लिहायचे, नपुंसकलिंग, आणि मागच्या बाकांवर खसखस पिकायची. मी डस्टर आपटून सांगायचे की यात हसण्यासारखं काही नाही, घर, पाणी, पुस्तक, लेकरू, सगळं त्यातच येतं. दरवर्षी तीच खसखस आणि दरवर्षी माझं तेच उत्तर. ताईच्या तोंडून तो शब्द त्या दारात पडला तेव्हा मात्र माझ्या हातातली मेथी खाली पडली, कारण मला कळलं की तिला दुसरं काही सापडलंच नाही.

मंडळातलं कोणीही वाईट बोललं नाही. वाईट बोलल्या असत्या तर मी त्यांच्याशी चांगली कडाडून भांडले असते, मला ते जमतं. पण त्या काळजीनं बोलल्या. त्यातली एकजण दोन दिवसांनी येऊन म्हणाली की ताई, तुमची तब्येत बरी नसते, घरातही आता पाहुणे असतात, पुढच्या मंगळवारपासून आमच्याकडे बसू. पेटी मात्र ताईचीच होती, ती त्यांना हवी होती. भाचीच ती पेटी उचलून त्यांच्या घरापर्यंत घेऊन गेली. दारातच त्या बाई म्हणाल्या, "ठेवा इथंच." ठेवा. जिनं लहानपणी मांडीवर घेऊन लाडू भरवला होता तिनं अहोजाहो केलं. एखाद्याला घराबाहेर ठेवायला आपल्याकडे आदरासारखं साधन नाही.

याच बायका कोजागिरीला वणीच्या गडावर जायच्या. तिथे त्या दिवशी तृतीयपंथी मोठ्या संख्येनं देवीला येतात. या त्यांच्या पाया पडायच्या, त्यांच्या हातचे तांदूळ पदरात घ्यायच्या, आणि ते देवघरात जपून ठेवायच्या. त्यांच्यात देवीचा अंश असतो हे मला त्यांनीच समजावून सांगितलेलं. असेल बाई. पण ज्याच्यात अंश आहे ते माणूस गडावर असावं. ते शेजारी सतरंजीवर बसून टाळ वाजवायला लागलं की सतरंजी आखूड पडते.

ताई नव्या घरच्या भजनाला दोनदा गेली आणि मग गुडघ्यांचं कारण सांगून जायची थांबली. पेटी तिकडेच राहिली.

भाचीनं नाशिकरोडला माझ्या घराजवळ खोली घेतली. साड्यांना फॉल-पिको करायची, ब्लाउज शिवायची. भावोजी ड्युटीवर असले की एकलहऱ्याला जायची. ताई तिला जेवायला वाढायची, डब्यात लोणचं द्यायची आणि सारखं ते चाचपडत बोलणं चालू. परत येताना भाची माझ्याकडे डोकावायची आणि धुसफुसायची.

"मी काय मांजराचं पिल्लू आहे का गं?" ती एकदा म्हणाली. "लेकरू आलं, लेकरू बसलं, लेकरू जेवलं. वय काय माझं?"

मी म्हटलं, अगं, तिच्या तोंडून 'आला' निघत नाही हेच किती आहे.

"ते नकोच आहे. मला 'आली' ऐकायचंय. लोकांकडून नको, तिच्या तोंडून. एकदाच म्हणू दे, मग पुन्हा नाही म्हटलं तरी चालेल."

मला ते पटलं. मी अशा कामात उशीर करत नाही, दुसऱ्याच दिवशी ताईकडे गेले आणि सरळ विषय काढला. एक वेलांटी द्यायची आहे, म्हटलं, तुझं काय जातंय? ताई पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवलं नाही, पण तिचा चेहरा बघून मला वाटलं उगाच बोलले.

"आली म्हटलं तर माझा मुलगा गेला," ती म्हणाली. "तो कुठं गेला मग? त्याचं कोणी काही केलं नाही, कोणी रडलं नाही, दहावं नाही, तेरावं नाही. आणि आला म्हटलं तर घरी आलेलं माणूस जातं. एकदा गेलं होतं, पुन्हा जाईल. मला कोणालाच घालवायचं नाही."

पोळी तव्यावर टाकून ती पुढे म्हणाली, "लेकरू म्हटलं की दोघं घरात राहतात."

मी व्याकरणाची बाई. मी उलथनं उचललं आणि तव्यावरची पोळी उलटली. हे मी भाचीला सांगायला हवं होतं असं तुम्हाला वाटेल. सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तिचं तिच्या जागी बरोबर असेल. मी माझ्या जागी उपाशी आहे."

मग ताईची किडनी गेली. डायलिसिसच्या फेऱ्या, मग दवाखान्यातच मुक्काम. भावोजी आणि भाचा आळीपाळीनं बसायचे. भाची दुपारी यायची, ते घरी जेवायला गेले की. पुष्कळदा त्यांच्या जाण्यायेण्याचा मेळ बसायचा नाही आणि ती खाली जिन्याजवळ बसून राहायची. एका दुपारी ताईचं बोलणं अडखळायला लागलं होतं. मी तिच्या ओठांना पाणी लावत होते. तिनं डोळे उघडले आणि मला विचारलं, "लेकरू जेवलं का?" मी म्हटलं, "जेवलं." त्यानंतर ती माझ्याशी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे गेली. भाचीला जे ऐकायचं होतं ते राहून गेलं, आता ते कधीच ऐकायला मिळणार नव्हतं, आणि मला त्या पहाटे मरणाइतकंच त्याचंही दुःख झालं.

दहाव्याच्या आधी एकलहऱ्याला भावकी बसली. सिन्नरकडच्या गावाहून भावोजींचे थोरले भाऊ आले होते. माणूस पंचायतीत वजन असलेला, माळकरी, गळ्यात तुळशीची माळ आणि कपाळाला बुक्का. त्यांच्या दृष्टीनं प्रश्न साधा होता. थोरला मुलगा असताना धाकट्यानं पिंड द्यायचा म्हणजे बाईला गती नाही. त्यांनी तोडगा काढून आणला होता. भाचीला बोलावणं गेलं, ती येऊन दाराशी बसली.

"एका दिवसाचा प्रश्न हाय," ते म्हणाले. "डोकं भादरायचं, धोतर नेसायचं, पिंड द्यायचा. मंग काय नेसायचं ते नेस. कोणी आडवणार नाय. आईसाठी एवढं तर कर."

सगळ्यांनी माना डोलावल्या. भावोजीसुद्धा तिच्याकडे आशेनं बघत होते. इतक्या वर्षांत त्यांनी तिच्याकडे असं पहिल्यांदाच बघितलं असेल. मला ते बघवेना. तिनं फक्त हो म्हणायचं होतं आणि बापाचं घर उघडणार होतं.

ती म्हणाली, "मी येणार. पण उघड्या अंगानं, बोडक्या डोक्यानं पुरुष होऊन आईपुढं उभी नाही राहणार. तिनं मला याच कपड्यात जेवायला वाढलंय. मी याच कपड्यात येईन."

"मंग लांब उभं राहायचं," थोरले म्हणाले.

मी चमकले. उभं राहायचं. ताईचंच बोलणं, तसंच कडेकडेनं, तसंच कर्ता गाळलेलं. तेच वाक्य एकीनं ताट वाढायला वापरलं होतं आणि हा माणूस ते दार लावायला वापरत होता. ती उठून गेल्यावर एकजण म्हणाला की आईसाठी एवढंही होईना. बाकीचे हो म्हणाले. मी काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दहाव्याला आम्ही सकाळीच गंगेवर गेलो. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. रामकुंडाच्या अंगाला दहा-बारा घरांची दहावी एकाच वेळी चालू होती. गुरुजी तरुण होते, घाईत होते, आमच्यानंतर त्यांना आणखी कोणाचं तरी होतं. भाच्यानं डोकं भादरलं, धोतर नेसलं. एका बाजूला सतरंजीवर प्रवचन सुरू झालं. महाराज दयेवर बोलत होते. सगळी त्याचीच लेकरं आहेत, असं ते पुन्हापुन्हा म्हणत होते आणि मंडळातल्या बायका पदरानं डोळे पुसत होत्या. भाची वरच्या पायरीवर, फुलवाल्यांच्या टोपल्यांपाशी पांढऱ्या साडीत उभी होती. सांगितल्याप्रमाणे लांब.

तीळ आणि पाणी सोडायची वेळ आली तेव्हा गुरुजींनी मान वर केली. त्यांची नजर तिच्यावर गेली. रडून सुजलेला चेहरा, तोंडावळा ताईचा, कोणीही ओळखलं असतं. आमच्या घरचं त्यांना काय माहीत? ते सहज म्हणाले, "ती मुलगी ना यांची? या ताई, पुढं या. मुलीनंही पाणी सोडायचं असतं."

ती एक पायरी उतरली. मग थोरले म्हणाले, "नाय गुरुजी. लांबची हाय ती."

ती जागच्या जागी थांबली. गुरुजींनी खांदे उडवले आणि पुढचा मंत्र म्हटला.

लांबची. ती. त्या घरातल्या माणसानं तिला बाई म्हटलं ते एवढ्या एका वेळेला, आणि तेही आमची नाही हे सांगायला. नातं तोडताना त्याला व्याकरण बरोबर सापडलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण घाटावर बाकीच्यांचीही माणसं गेलेली होती, मी तोंड आवळून उभी राहिले.

पिंड मांडले आणि आम्ही सगळे मागे सरकलो. कावळे होते. कठड्यावर, तारांवर, भरपूर होते. शेजारच्यांच्या पिंडावर तुटून पडले. आमच्याकडे एक कावळा आला, जवळ बसला, मान वाकडी करून बघितलं आणि उडून गेला. कावळा शिवेना. मग नेहमीचं सुरू झालं. भावोजी हात जोडून म्हणाले की मी पथ्यपाणी सांभाळीन. मंडळातल्या एकीनं सांगितलं की भजन बंद पडू देणार नाही, ताई. कोणीतरी धाकट्याच्या पोराचं, नातवाचं, शिक्षण करू म्हणालं. ऊन चढत होतं. गुरुजी घड्याळ बघत होते.

माझा कावळ्यावर विश्वास आहे असं नाही. कावळ्याला भूक असली की तो येतो. पण तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाचा होता, आणि ताईचा जीव कशात अडकला असेल हेही प्रत्येकाला ठाऊक होतं. ते सोडून सगळं बोलून होत होतं. शेवटी मी भाच्याच्या कानाशी गेले आणि म्हटलं, "तुला माहीत आहे काय म्हणायचं ते. तेवढं म्हण."

तो चांगला मुलगा आहे. त्याला बहिणीचा राग नाही, फक्त काकाची भीती आहे. त्यानं एकदा पायऱ्यांकडे बघितलं, एकदा काकांकडे. मग हात जोडले.

"आई," तो म्हणाला, "घरी येणं-जाणं राहील. काळजी करू नको."

येणं-जाणं राहील. कोणाचं, ते नाही. आईनं त्याला बाकी काही दिलं का ठाऊक नाही, हे मात्र दिलं. फक्त ती म्हणायची तेव्हा समोर वाढलेलं ताट असायचं.

कावळा आला नाही. गुरुजींनी आणखी थोडं थांबून दर्भाचा कावळा केला, पिंडाला टेकवला, झालं म्हणाले. सगळ्यांच्या जिवात जीव आला. माणसं पायऱ्या चढून जेवणाच्या हॉलकडे निघाली. चपला शोधताना मंडळातल्या बायका भाचीच्या शेजारून गेल्या. त्यातली एक थांबली, तिच्या पाठीवर हात ठेवणार असं वाटलं, पण पदर सावरून पुढे गेली. मी थांबले. हॉलमध्ये तिचं पान मांडलेलं नव्हतं हे मी आधीच बघून घेतलं होतं.

आम्ही दोघी पायरीवर बसलो. खाली पिंड तसेच पडले होते, पाणी त्यांच्या जवळून हलत होतं.

"ऐकलंस ना?" ती म्हणाली. "काका 'ती' म्हणाले."

"ऐकलं."

"आईच्या तोंडून ऐकायचं होतं आणि मिळालं कोणाकडून बघ." ती हसायला गेली आणि ते तिला जमलं नाही. मग तिनं विचारलं, भाऊ काय म्हणाला? तिला लांबून ऐकू आलं नव्हतं. मी सांगितलं, येणं-जाणं राहील म्हणाला.

"कोणाचं?"

"ते नाही म्हणाला."

शेजारच्यांचे लोकही उठून गेले. सकाळपासून तिच्या पोटात काही गेलं नसणार हे मला कळत होतं. माझ्या घरी डाळभात होता. मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मला जे शुद्ध वाटत होतं, तिला इतकी वर्षं जे हवं होतं, त्याच शब्दात विचारलं, "काही खाल्लंस का गं सकाळपासून? जेवली नसशील तू."

तिनं मान हलवली. "आज तसं नको, मावशी," ती म्हणाली. "आज तिच्यासारखं विचार."

माझ्या लक्षात यायला वेळ लागला. मग मी विचारलं, "लेकरू जेवलं का?"

"नाही," ती म्हणाली. "नाही जेवलं."